मागे राहिलेल्यांचं चर्च

कुंडलिकेची खाडी जिथे समुद्राला मिळते, तिथे दोन काठांच्या वाट्याला दोन निराळी नशिबं आली. उत्तरेला रेवदंडा, म्हणजे पोर्तुगीजांचं चौल. १५२१ साली बुऱ्हाण निजामशहाची परवानगी घेऊन त्यांनी इथे कोट बांधायला घेतला आणि पुढची दोनशे वर्षं त्या कोटाच्या आत चर्चमागून चर्च उभं राहत गेलं. डॉमिनिकनांचं एक, फ्रान्सिस्कनांचं एक, जेझुइटांचं आणखी एक. आज नारळी-पोफळीच्या वाड्यांतून हिंडताना त्यांची कुठे भिंत भेटते, कुठे नुसती कमान. सातखणी मनोरा अजून झाडांच्या वर डोकं काढून आहे, पण त्याचे सातही खण आता राहिलेले नाहीत. वाडीतलं शिंपणाचं पाणी घडीव दगडांना वळसा घालून पुढे जातं.

दक्षिणेच्या काठावर कोर्लई. डोंगराची लांबट सोंड समुद्रात घुसलेली, तिच्या पाठीवर किल्ला. हा डोंगर पोर्तुगीजांनी निजामशाहीकडून १५९४ साली लढून घेतला. किल्ल्याच्या आत एक चर्च होतं, त्याचं छप्पर केव्हाच गेलं. आता तिथे गवत आणि वारा यांचाच वावर. खाली गावात मात्र माउंट कार्मेल मातेचं चर्च आहे. ते पाहायला वाकडी वाट करून येणारे थोडेच. पर्यटक दीपगृहाकडे जातात, तिथून किल्ल्यावर चढतात, फोटो काढतात आणि काशीदच्या किनाऱ्याकडे निघून जातात. मीही पूर्वी तसाच जात असे. पडक्या भिंतींत एक मोह असतो. त्या काही मागत नाहीत, आपण मनात येईल तो इतिहास त्यांच्यावर चढवावा.

गावातलं चर्च तशी मोकळीक देत नाही. तिथे माणसं असतात. दारात चपला काढून ठेवलेल्या असतात, मेणबत्त्यांचा वास असतो, रविवारी कुणाचं तरी तान्हं मध्येच रडतं. मागे एका दुपारी तिथल्या पायरीवर एक म्हातारी बसली होती. मी जुन्या खुणा शोधत भिंती न्याहाळतोय हे बघून तिने विचारलं, "नवा रंग कसा दिसतोय?" चर्च किती जुनं आहे हे तिने सांगितलं नाही. रंगाला वर्गणी कुणी किती दिली, हे मात्र सांगितलं.

हे चर्च कुणामुळे टिकलं, ते त्या प्रश्नात होतं. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि वर्षभराने तहात चौल, कोर्लई मराठ्यांकडे आली. ज्यांच्याकडे पैसा होता, गलबतात जागा मिळवण्याइतकी पत होती, ते गोव्याकडे निघून गेले. रेवदंड्याची भव्य चर्चं ज्या व्यापाऱ्यांच्या आणि संघांच्या जिवावर उभी होती, तेच गेल्यावर त्यांचं छप्पर शाकारणार कोण? मागे राहिले ते शेतावर राबणारे, चाकरी करणारे, ज्यांना जायला दुसरं गाव नव्हतं असे ख्रिस्ती. ते डोंगराच्या पायथ्याशी एकत्र आले, आणि त्यांच्या वस्तीचा जीव या लहानशा चर्चमध्ये राहिला. पुढे पेशवाई संपली, १८१८ नंतर इंग्रज आले, तेही गेले. दरवेळी राज्य करणारे बदलले, पण रविवारची घंटा वाजवणारे तेच होते.

या वस्तीने आणखी एक गोष्ट जपली: आपली बोली. पोर्तुगालपासून हजारो मैलांवर, पोर्तुगीज अंमल संपून पावणेतीनशे वर्षं झाल्यावरही, इथल्या घरांत पोर्तुगीजच्या पोटी जन्मलेली भाषा बोलली जाते. बोलणारे जेमतेम हजाराच्या आसपास. शब्द बहुतांश पोर्तुगीज, पण वाक्याची चाल मराठीची. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येऊन बसतं. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर अख्खा ग्रंथ लिहिला, तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला.

बोली टिकण्यात चर्चचा हात होता. आजूबाजूच्या गावांशी बाजारहाट होता, रोटीबेटी नव्हती. लग्नं आपसांतच लागत. शिवाय चर्चमध्येही पोर्तुगीज प्रार्थना चालत, त्या १९६०च्या दशकापर्यंत. मग व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर लोकभाषेत मिस्सा करण्याची मुभा मिळाली आणि कोर्लईच्या वेदीवर मराठी आली. १९८०च्या दशकात खाडीवर पूल झाला. रेवदंडा, अलिबाग जवळ आलं, शाळा-कॉलेजं आणि नोकऱ्या आवाक्यात आल्या. वेदीवर मराठी, शाळेत मराठी, कामाच्या जागी मराठी. जुन्या बोलीला जागा उरली ती फक्त घरात.

याचं दुःख करावं का, हे मला ठरवता येत नाही. आईवडिलांना समजेल अशा भाषेत देव बोलायला लागला, हे वाईट कसं म्हणणार? शेजारच्या कोळी-आगरी घरांची हीच तर भाषा. तिच्यामुळे चर्च या किनाऱ्याचं झालं, आणि तिच्याचमुळे बोलीचा आधार थोडा सैल झाला. दोन्ही एकाच घटनेची फळं आहेत, त्यांतलं एकच वेचून घेता येत नाही.

माउंट कार्मेल मातेचा सण १६ जुलैला येतो, ऐन पावसात. तेव्हा मासेमारीबंदी असते, होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, शेतांत लावणीची घाई असते. सणाला यापेक्षा गैरसोयीचा दिवस शोधूनही सापडणार नाही. तरी चिखल तुडवत, छत्र्या सावरत माणसं मिस्साला जातात. रेवदंड्याच्या मनोऱ्याच्या वाट्याला असा एकही दिवस उरलेला नाही. कुणी त्याच्यासाठी भिजत नाही.

पुरातत्त्वाच्या कायद्याने वास्तू पडू नये इतकं फार तर पाहता येतं. कोर्लईच्या चर्चचं उद्या काय, ते ठरवतील मुंबईत, अलिबागेत नोकरीला गेलेली इथली मुलं. जुलैत त्यांनी रजा टाकली, वर्गणी धाडली, गावी येऊन आजीशी दोन वाक्यं त्या घरच्या बोलीत बोलली, तर चर्चला आणखी रंगाचे हात बसतील. एरवी पलीकडच्या काठावर काय होतं, ते त्यांना रोज दिसतंच आहे.