एका बोटाचे उत्तर

कंबरदुखी हा काही साहित्याचा विषय नव्हे. परंतु घरातल्या एका कंबरदुखीने मला उतारवयात एक धडा शिकवला. आणि शिकलेला धडा इतरांना सांगितल्यावाचून राहवत नाही, ही आम्हा शिक्षकांची जुनी खोड आहे.

२०१२च्या पावसाळ्यात आमच्या सौ. गच्चीच्या जिन्यावरून पाय घसरून पडल्या. हाड मोडले नाही. मुका मार आहे, चार दिवसांत उतरेल, असे सर्वांचे मत पडले. मार उतरला, दुखणे मात्र राहिले. जिना चढताना, रिक्षात पाय टाकताना, जमिनीवरून उठताना उजवीकडे कमरेखाली कळ येई. रात्री कुशीवर वळताना झोप मोडे. तेल, शेक, काढे, पट्टा, सारे झाले. पुढे एमआरआयही काढून झाला. मणक्यांची वयोमानानुसार थोडी झीज, बाकी विशेष काही नाही, असा निर्वाळा मिळाला. तो ऐकून मला हायसे वाटले. त्यांना वाटले नाही. हा फरक माझ्या ध्यानात यायला बराच काळ जावा लागला.

आमच्याकडे महालक्ष्म्या असतात. त्या तीन दिवसांत घरातल्या बाईवर किती भार असतो, हे वाचकांना सांगायला नको. २०१९ साली जेवणाच्या दिवशी पुरण वाटता वाटता सौ. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या; सारा भार डाव्या पायावर. म्हणाल्या, "अहो, आज पंगत वाढणे मला जमायचे नाही." पाहुणे दाराशी आले होते. मी बोलून गेलो, "फोटोत तर काही नाही, नेमके कामाच्या दिवशीच बरे दुखते!" त्या काही बोलल्या नाहीत. पंगत त्यांनीच वाढली. शाळेत पोटदुखीचे निमित्त सांगणाऱ्या मुलांना मी असे पुष्कळदा ऐकवले असेल. घरात एकदाच ऐकवले. परंतु ते शब्द परत घेता आले नाहीत.

२०२३ साली आम्ही शहरातल्या एका अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी आमची जाडजूड फाईल बाजूला ठेवली आणि म्हणाले, "ताई, दुखते ती जागा एका बोटाने दाखवा." सौ.नी कमरेखाली उजवीकडच्या खळीपाशी बोट ठेवले. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारले. बोट पुन्हा तिथेच! अकरा वर्षे आम्ही 'कुठे दुखते?' असे विचारून 'कंबर' या मोघम उत्तरावर समाधान मानीत होतो. परीक्षकाने प्रश्नच ढिसाळ काढला, तर उत्तर नेमके कुठून यावे?

पाठीच्या कण्याच्या तळाशी त्रिकास्थी नावाचे तिकोनी हाड असते. त्याच्या दोन्ही बाजूंना श्रोणीची हाडे जिथे भिडतात, तो सॅक्रोइलियाक सांधा. तो हलतो अगदी थोडा. परंतु धडाचा सारा भार त्याच्यातूनच पायांकडे उतरतो. पडण्याने किंवा बाळंतपणात बंध सैल झाल्याने तो दुखू लागतो, आणि फोटोत बहुधा काही दिसत नाही. जुनाट कंबरदुखीच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे पंधरा ते तीस जणांचे दुखणे इथले असते, असे मानतात. अमेरिकेतील गोल्डथ्वेट आणि ऑसगुड यांनी १९०५ सालीच या सांध्याकडे बोट दाखवले होते. पुढे १९३४मध्ये मिक्स्टर आणि बार यांनी मणक्यांमधील चकतीचा दोष उजेडात आणला, आणि वैद्यांचे लक्ष तिकडे वळले.

निदान पक्के करण्यासाठी क्ष-किरणांखाली पाहून नेमक्या त्या सांध्यात बधिरतेचे इंजेक्शन देतात. काही तास दुखणे निम्म्याहून अधिक उतरले, तर दोष तिथलाच असे धरतात. त्या संध्याकाळी सौ. जमिनीवर मांडी घालून मेथी निवडत बसल्या आणि हाताचा आधार न घेता उठल्या. रात्री औषधाचा अंमल उतरला, कळ परतली. तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "आता तरी पटले ना?" मला मान वर करवेना.

सहा महिने व्यायाम आणि कमरेखालचा पट्टा झाला. गुण पुरता आला नाही. मग शस्त्रक्रियेचा प्रश्न आला. पूर्वी यासाठी मोठा छेद घेत. आता नितंबाच्या बाजूस दोन-तीन सेंटिमीटरचा छेद पुरतो. त्यातून टायटेनियमच्या तीन लहान तिकोनी कांड्या दोन्ही हाडांत आरपार बसवतात, आणि काही महिन्यांत हाड त्यांना धरून घेते. गंमत अशी की, हा सांधा खऱ्या अर्थाने सांधूनच टाकायचा! मुळातच तो जेमतेम हलत असल्याने चालण्या-बसण्यात फारशी उणीव भासत नाही. डॉक्टरांनी दुसरी बाजूही सांगितली: प्रत्येकाला गुण येतोच असे नाही, क्वचित नसेला इजा होते, क्वचित पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. मी कचरलो. सौ. म्हणाल्या, "दुखणे माझे आहे. ठरवीनही मीच."

२०२४च्या आरंभी शस्त्रक्रिया झाली. काही आठवडे त्या वॉकर घेऊन चालल्या. आज रुपयातले बारा आणे दुखणे गेले आहे. उरलेले चार आणे पावसाळ्यात डोके वर काढतात. परंतु आता ते कुणाला पटवून द्यावे लागत नाहीत.

त्या वर्षीच्या महालक्ष्म्यांना सौ. खुर्चीवर बसून राहिल्या आणि पंगत मी वाढली. तिसऱ्या पंगतीला वरणाचे पातेले खाली ठेवून मी कमरेवर हात दाबला आणि "आई गं!" म्हणालो. सौ.नी माझ्याकडे पाहिले आणि पाहुण्यांदेखत शांतपणे म्हणाल्या, "अहो, एका बोटाने दाखवा पाहू!"