चार घड्यांचे दुपटे

बाळंतविड्यातील बहुतेक वस्तू आता विकत मिळतात. झबली, टोपडी, कुंची, लंगोट, सारे काही आमच्या सुलतान बाजारात दोन गल्ल्या फिरल्या की पिशवीत येऊन पडते. दुपटीही मिळतात, ससे-अस्वले छापलेली, गुबगुबीत दिसणारी, पारदर्शक पिशवीत घडी घालून ठेवलेली. तरीसुद्धा आपल्या मराठी घरांतून एक समजूत अजून टिकून आहे की, बाळाच्या अंगाखाली पहिले वस्त्र जावे ते घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या जुन्या लुगड्याचे. या समजुतीत माया आहे, तशी व्यवहारबुद्धीही आहे. नव्या कापडाला खळ असते आणि त्याचा रंग कच्चा निघण्याची भीती असते. वर्षानुवर्षे धुतल्या गेलेल्या सुती लुगड्यात यांपैकी काहीच शिल्लक राहिलेले नसते. राहिलेला असतो तो फक्त मऊपणा.

दुपटे कसे करावे हे आपल्या भाषेने नावातच सांगून ठेवले आहे. दोन पटींचे ते दुपटे आणि चार घड्यांची ती चौघडी. वाकळ आणि गोधडी यांचा संसार मोठा; त्यांत ठिगळांना, चिंध्यांना, धडुत्यांना, सर्वांनाच जागा असते. आमच्या हैदराबादेत तर एकाच वस्तूला वाड्यागणिक नाव बदलते. तेलुगू शेजारीण बोंत म्हणते, कानडी शेजारीण कौदी म्हणते, आणि दखनी बोलणारी मोहरमची सुट्टी घेऊन आलेली शिवणकामवाली तिलाच गुदडी म्हणते. १९०१ साली श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम ज्या सुलतान बाजारात उभे राहिले, आणि १९०७ साली विवेकवर्धिनीची शाळा ज्याच्या आसऱ्याने सुरू झाली, त्या वस्तीत एका वस्तूला चार नावे असावीत यात नवल ते काय?

यंदा हा विषय आमच्या घरी नुसता बोलण्यापुरता राहिला नाही. सूनबाईचा आठवा महिना संपत आला होता. हाती जेमतेम पाच आठवडे होते आणि पेटीत सासूबाईंचे एकच लुगडे उरले होते. लुगडे नारायणपेठी, बारीक चौकडीचे, बिनजरीच्या रुंद काठाचे. बाकीची लुगडी पूर्वीच्या बाळंतपणांत कामी आली होती. आमच्या पिढीने पाचवारी नेसायला सुरुवात केली आणि त्यातही पुढे सुती मागे पडून नायलॉन-पॉलिएस्टर आले. तेव्हा हे संपले की घरातले नऊवारी सुती वस्त्र संपले, अशी परिस्थिती होती. दुपट्याचा नमुना निवडणे हे एरवी हलकेफुलके काम, पण कातर एकदाच चालणार असली की ते हलके राहत नाही.

मते तीन पडली. सूनबाई तेलुगू घरातली, नोकरी करणारी, हौशी. तिने फोनवर सुंदर सुंदर चित्रे जमवली होती. त्रिकोणाला त्रिकोण जोडून केलेल्या चांदण्या, फिरती चक्रे, वळणे घेत जाणाऱ्या पट्ट्या. "आई, यातले एखादे सोपे असेल ते तुम्हीच निवडा," असे ती म्हणाली. नणंदबाईंचे म्हणणे निराळे होते. लुगडे त्यांच्या आईचे. "वहिनी, एवढे एक तरी अख्खे राहू द्या. वास घ्यायला तरी राहील," असे म्हणून त्यांनी डोळ्यांना पदर लावला. यावर काय उत्तर द्यावे हे मला सुचेना, कारण त्यांचे खोटे नव्हते. तिसरे मत विहीणबाईंचे. त्या चिक्कडपल्लीला राहतात. २०२० च्या फेब्रुवारीत मेट्रो सुरू झाल्यापासून दोन स्थानके ओलांडून तासाभराच्या गप्पांसाठीही येऊ शकतात. त्यांनी लुगडे जमिनीवर पसरले, त्यावर हात फिरवला आणि म्हणाल्या, "वदिनगारू, नमुना आणायला दूर कशाला जायचे? तो या कापडातच आहे."

त्यांच्या बोलण्याचा अर्थ ध्यानात यायला मला थोडा वेळ लागला. मग मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. तो वाचकभगिनींच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देते.

दुपटे एक वार लांब आणि एक वार रुंद, म्हणजे छत्तीस इंचांचे चौरस धरले. सहा इंची चौकोन जोडून ते करायचे, तर छत्तीस तुकडे लागतात आणि ते जोडण्यासाठीच दहा वार शिवण घालावी लागते. प्रत्येक चौकोन दोन त्रिकोणांचा केला, तर तुकडे बहात्तर होतात आणि शिवण साडेअठरा वारांवर जाते. शिवाय त्रिकोणाची तिरकी कड ताणली जाते आणि कोपऱ्याला कोपरा मिळत नाही. आणि एवढे झाले तरी तयार होतो तो केवळ वरचा थर. खालचे थर लावून टाके घालण्याचे खरे काम पुढेच राहते. त्यातून कापड जुने. जुन्या कापडाच्या लहान तुकड्यांचे दोरे निसटतात आणि धुण्यात शिवणीच आधी उसवतात. सहा लांब पट्ट्या जोडल्या तर शिवण पाच वारांवर येते. ते त्यातल्या त्यात बरे. परंतु लुगड्याची नुसती घडी घातली तर जोडायला काहीच उरत नाही. दोन-दोन बोटांच्या, म्हणजे दीड इंचाच्या अंतराने सरळ धावदोरा घातला की तेवीस ओळी होतात, प्रत्येक एक वाराची. कडेची चार वार मगजी धरून काम सत्तावीस वारांत संपते.

धावदोऱ्याच्या सरळ ओळींना एक अडचण नेहमी असते, ती आखणीची. खडू पुसला जातो, पेन्सिलीचा डाग राहतो. नारायणपेठी लुगड्याला ही अडचण नाही. विणकराने मागावर बसून चौकड्यांच्या रेघा आधीच आखून ठेवलेल्या असतात. सुईने त्या रेघेवरून चालत जायचे. नमुना कापडातच आहे, असे विहीणबाई म्हणाल्या त्या याच अर्थाने.

सोपा नमुना म्हणजे कमी प्रतीचा नमुना, असे आपल्याला उगीचच वाटते. अमेरिकेतील अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाचे खेडे आहे. तेथील कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबांतल्या स्त्रिया कामाच्या जीर्ण कपड्यांच्या गोधड्या शिवीत आल्या. २००२ साली ह्यूस्टनच्या आणि पाठोपाठ न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्या भिंतीवर टांगल्या गेल्या आणि जाणकारांनी त्यांची वाखाणणी केली. त्यांचा आवडता नमुना 'हाऊसटॉप', म्हणजे घराचे छप्पर. मध्ये एक चौकोन घ्यायचा आणि त्याच्या चारही बाजूंनी पट्ट्या लावीत जायचे, एवढेच त्याचे शास्त्र. आपल्याकडे कित्येक बायका कडेने धावदोरा सुरू करून चौकोनात चौकोन घालीत मध्यापर्यंत येतात. त्यांचा प्रवास आतून बाहेर, आपला बाहेरून आत. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांची 'कवंद' ही गोधडीही कडेपासूनच शिवली जाते, आणि तिच्या चार कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची 'फुले' लावतात. बिहारातली सुजनी मुळात नवजात बाळासाठीच. तीही जुन्या साड्यांच्या थरांवर साध्या धावदोऱ्यानेच होते. दूरदूरच्या या बायकांनी एकमेकींना कधी पाहिले नाही, परंतु अपुरा वेळ, जुने कापड आणि येऊ घातलेले मूल यांचे उत्तर साऱ्यांनी जवळपास सारखेच काढले.

नमुना ठरवताना आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागली. सूनबाईच्या डॉक्टरीणबाईंनी बजावले होते की, पहिले वर्षभर बाळ झोपलेले असताना त्याच्याजवळ सुटे पांघरूण, उशी किंवा जाड गोधडी ठेवू नये. तोंडावर येऊन श्वास कोंडण्याचा धोका असतो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची अकादमीही हेच सांगते. हे ऐकून नणंदबाई म्हणाल्या, "मग दुपटे हवेच कशाला?" प्रश्न रास्त होता. पण दुपट्याचा दिवस मोठा असतो. मालिश करताना, न्हाऊ घातल्यावर अंग टिपताना, मांडीवर घेताना, पुढे बाळ पालथे पडू लागले की जमिनीवर अंथरायला, आणि हे सारे कोणीतरी जवळ बसलेले असताना, दुपटे लागतेच. मात्र ते पातळ हवे आणि सपाट हवे. आत कापूस नको, वर टिकल्या, मणी, बटणे, लोंबते गोंडे काही नकोत. चार घड्यांच्या दुपट्यात हे सगळे आपोआप सांभाळले जाते. शिवाय ते उकळत्या पाण्यात घालता येते आणि पावसाळ्यातही गच्चीवर दोन उन्हे मिळाली की वाळते.

आता कृती. लुगडे आधी गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवले. दोन्ही काठ फाडून वेगळे केले, तेव्हा मधला पन्ना वारभर उरला. नऊ वारांतून पदराकडचा एक वार बाजूला काढला आणि राहिलेल्या आठ वारांचे दोन भाग केले. आडवी कातर चालली ती इतकीच, दोनदा. चार वारांच्या एका भागाची वारावारावर घडी घातली की चार थरांचे दुपटे तयार. लुगड्याचा बसण्याकडचा भाग विरलेला असतो. तो आतल्या थरांत जाईल अशा बेताने घडी घालावी. मग ते जमिनीवर पसरून चारी कोपऱ्यांवर तांबे ठेवले आणि मधून कडेकडे कच्चा दोरा घातला, म्हणजे सुरकुत्या बाहेर निघून जातात. पक्का धावदोरा सुती दोऱ्याने घालावा. दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नये, गुंता होतो. गाठ थरांच्या आत लपवावी, बाळाच्या अंगाला टोचू देऊ नये. शेवटी काढलेल्या काठाची मगजी लावावी आणि कच्चा दोरा उसवून टाकावा. उठण्यापूर्वी सुया मोजून डबीत ठेवाव्या. सासूबाई हे काम दिवा लावण्याआधी करीत आणि सुई मोजल्यावाचून देवापुढे बसत नसत.

या नमुन्याचा खरा गुण मला काम सुरू झाल्यावर कळला. चांदणीच्या नमुन्यात एकच हात चालतो. दुसरीने टाका घातला की कोपरा हुकतो. येथे रेघ आखलेली होती, म्हणून कोणीही बसावे आणि एक ओळ पुरी करावी. माझी बोटे आता आखडतात, एक ओळ झाली की थांबावे लागते. पुढची ओळ विहीणबाई घेत. सूनबाई संध्याकाळी कामावरून आली की पाय लांब करून, पाठीला तक्क्या घेऊन एखादी ओळ घाली. तिचे टाके लांब, माझे तिरपे, विहीणबाईंचे तांदळाच्या दाण्यासारखे. आणि चौथ्या दिवशी नणंदबाई आल्या. काही वेळ नुसत्या बघत बसल्या. मग चष्मा काढून पुसला, सुईत दोरा ओवला आणि मधल्या ओळीला बसल्या. त्या दिवशी त्यांनी चार ओळी घातल्या, एक शब्दही न बोलता. पदराचा जो वार बाजूला काढला होता तो मी घडी घालून त्यांच्या पिशवीत ठेवला. आईच्या खांद्यावर असायचा तो भाग त्यांच्याकडे गेला. आईच्या मांडीवरचा भाग नातवंडाच्या मुलाकडे गेला. ही वाटणी कोणी वकील याहून नीट करू शकला असता असे मला वाटत नाही.

आठ दुपारी लागल्या. बाळ सांगितलेल्या तारखेच्या नऊ दिवस आधी आले, तेव्हा दुपटे धुऊन, वाळवून, घडी घालून तयार होते. मुलगी आहे. चौकड्यांच्या रेघांकडे ती अजून पाहत नाही. तिला पंख्याचे पाते अधिक आवडते. दुसऱ्या चार वारांचे काम निवांतपणे चालू आहे, कारण नणंदबाईंच्या धाकट्या सुनेचेही दिवस भरत आले आहेत.

ज्या घरी असे एखादे शेवटचे लुगडे पेटीत असेल, त्यांना माझे सांगणे इतकेच. ते पेटीतही झिजते. घडीवर विरते, कसर लागते. झिजायचेच आहे, तर ते कोणाच्या तरी अंगाखाली झिजू द्यावे. नमुना निवडताना डोळ्यांना काय भुलवते ते थोडे बाजूला ठेवून तीन प्रश्न विचारावेत. बाळ येण्यापूर्वी हे पुरे होईल काय? रोजचे धुणे सोसेल काय? आणि घरातल्या सगळ्याजणींना यात एकेक ओळ घालता येईल काय? तिन्हींचे उत्तर 'होय' आले, तर तो नमुना कितीही साधा असो, खुशाल सुई हातात घ्यावी.