रिद्धपूरची प्रभावती

अकोल्यात एका लग्नाच्या पंगतीत इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक सहज म्हणाले, "प्रभावती गुप्ता? बापाच्या हातातलं बाहुलं हो ती!" वाक्य जिव्हारी लागलं. दुसऱ्याच दिवशी अमरावती गाठली.

सकाळी अंबादेवीचं धावतं दर्शन घेतलं, गिला वडा खाल्ला आणि मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर गाठलं. महानुभाव पंथाच्या गोविंदप्रभूंचं गाव, 'लीळाचरित्रा'ची भूमी. राजमठात माथा टेकला. पण मन ओढ घेत होतं गोविंदप्रभूंच्या काळाच्याही आठशे वर्षं मागे. वाकाटक राणी प्रभावतीचा ताम्रपट याच गावात सापडला.

दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही लेक वाकाटक रुद्रसेन दुसरा याला दिलेली. पाचव्या शतकाच्या आरंभी तो वारला, मुलं लहान. राज्य तिनं हाती घेतलं. नंदिवर्धनहून, म्हणजे आजच्या नगरधनहून, तिनं कारभाराच्या तेराव्या वर्षी दिलेलं दानपत्र 'पुणे ताम्रपट' म्हणून प्रसिद्ध आहे. रिद्धपूरचा ताम्रपट त्याच्या पुष्कळ नंतरचा, मुलगा प्रवरसेन दुसरा याच्या राजवटीच्या एकोणिसाव्या वर्षातला. दान काय, तर शेत, घर आणि शेतकऱ्यांच्या चार झोपड्या. हुकूम मात्र राजमातेच्या नावाचा.

गावातूनच त्या प्राध्यापक सरांना फोन लावला. ते म्हणाले, "ताम्रपटात वंशावळ गुप्तांची, गोत्रही माहेरचं, धारण. आणखी काय पुरावा हवा?"

"सर, वाकाटकांचं गोत्र विष्णुवृद्ध. ते बाजूला ठेवून तिनं माहेरचं कोरलं, तेव्हा चंद्रगुप्त जाऊन कैक वर्षं झाली होती. मुलगा कर्ता होता. मग हे कोण लिहवून घेत होतं?"

सर हसले, पण माघार घेईनात. मीही घेतली नाही. तिला माहेरचा आधार होता, हे खरंच. पण मुलगा गादीवर असताना स्वतःच्या नावानं जमीन देणारी बाई बाहुली नसते.

याच रिद्धपुरात पुढे महदंबेनं धवळे रचले. आद्य मराठी कवयित्री म्हणून तिला मान मिळाला. प्रभावतीच्या नावाची पाटी मात्र मला गावात कुठे आढळली नाही. आता तिथे मराठी भाषा विद्यापीठ उभं राहतं आहे. त्याच्या दर्शनी भागात या ताम्रपटाची प्रतिकृती आणि मराठी अर्थ लावावा. वऱ्हाडातल्या पोरींना कळू द्या, सोळाशे वर्षांपूर्वी इथल्या राज्यावर एका बाईचा हुकूम चालत होता.