गाडीमागचं बिऱ्हाड

फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणात नाथांच्या समाधीवर डोकं टेकवायचं, तर तीर्थपुरीहून तीन दिवस आधी गाडी जुंपावी लागे. साठीच्या दशकातली ही गोष्ट. जालना जिल्हा झाला 1 मे 1981 ला. त्याआधी आम्ही औरंगाबाद जिल्ह्यात, अंबड तालुक्यात. ज्वारीची काढणी उरकत आलेली असे, नवा कडबा गंजीला लागलेला असे, आणि आबा म्हणजे माझे आजोबा अंगणात उभे राहून गाडी भरून घेत.

ते भरणं मला अजून जसंच्या तसं आठवतं. खाली कडब्याच्या पेंढ्या, त्यावर घोंगडी आणि वाकळा, वरून तट्ट्याचं छप्पर. पाण्याची घागर, तवा, पातेली, ज्वारीच्या पिठाचं गाठोडं, पेंडीचं पोतं. आजीच्या फडक्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. पण आबा सामानाकडे कमी आणि जुवाकडे जास्त बघत. दांडी हातानं उचलून भार चाचपायचे. मागं वजन जास्त झालं तर म्हणत, "उलाळ झाली रं, बैलाच्या नरड्याला फास बसंल." मग पेंडीचं पोतं पुढं सरकवायचं. पुढं फार झालं तर गाडी धुरजड, खांदे सुजायचे. बैलांच्या मानेवर थोडासा, टिकून राहणारा भार हवा, एवढाच त्यांचा हिशोब. आखाला वंगण घालून, कंदील गाडीखाली टांगून निघेपर्यंत पहाटेचं चांदणं डोक्यावर आलेलं असे.

बैलगाडी तासाला तीन-साडेतीन किलोमीटर जाते. त्यामुळे मुक्काम कुठं करायचा हे माणसांपेक्षा बैलच ठरवत. ऊन चढलं की जिथं आड आणि चिंचेची सावली असेल तिथं सोडायचं. बैलांना पाणी, मग वैरण, मग तीन दगडांची चूल. शहागडच्या पुढं तर गावोगावच्या गाड्या एकमेकींच्या मागं लागत. ओढ्याच्या चढणीला चाकं काळ्या चिखलात रुतली की मागच्या गाडीवाला न सांगता आपली जोडी सोडून आमच्या जोडीपुढं जुंपायचा. चार बैल एका दमात ओढत आणि गाडी वर येई. मग आमची जोडी त्याच्यासाठी खाली. आभार मानायची पद्धत नव्हती, कारण उपकार कुणी केलेलाच नसे.

मग जायकवाडी झालं. 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी, 1976 मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. डाव्या कालव्याचं पाणी आमच्या भागात आलं, मागोमाग ऊस आला, साखर कारखाने आले. लोखंडी धावांची जागा टायरगाड्यांनी घेतली. त्या टायरगाड्यांवर बिऱ्हाड लादून बीडकडची ऊसतोड कुटुंबं येतात आणि कोप्या घालून राहतात. ती हौस नाही, पोटासाठीची वाट आहे, आणि यात्रेच्या गाडीच्या आठवणीत ती मिसळणं मला बरं वाटत नाही. यात्रेला आता लोक जीपनं जातात. सकाळी निघून दर्शन घेऊन संध्याकाळी घरी.

माझा पुतण्या अमेरिकेत कोलोरॅडोत असतो. त्याच्याकडे सुबारूची आउटबॅक आहे. गेल्या उन्हाळ्यात तिच्यामागं छोटा कॅम्पिंग ट्रेलर जोडून तो आम्हाला रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात घेऊन गेला. आत दोघांपुरतं अंथरूण, मागचं झाकण उचललं की ओटा आणि शेगडी. आम्ही दोघं नवरा-बायको ट्रेलरमध्ये, तो तंबूत.

निघण्याआधी तो पाण्याच्या टाकीशी अडून बसला. "काका, मागं भरली तर ट्रेलर रस्त्यावर शेपटासारखा डुलायला लागतो." ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हिचवर, म्हणजे गाडी-ट्रेलरच्या जोडावर, यायला हवा, 800 किलोचा ट्रेलर असेल तर किमान 80 किलो. कमी पडला तर वेगात गाडी हेलकावते, फार झाला तर गाडीचं मागचं अंग दबून पुढच्या चाकांची पकड सुटते. मी त्याला विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? म्हणाला, पुस्तिकेत आहे. त्याचे पणजोबा हाच हिशोब तळहातानं करत होते, हे मी त्याला तिथंच, ड्राइव्हवेत उभं राहून सांगितलं, आणि त्यानं हिचखालचा वजनकाटा बाजूला ठेवून दांडी हातानं उचलून बघितली.

चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळते म्हणून ओल्या मातीत गाडी निघते. पण उतारावर थांबवायला ब्रेकच लागतात, हे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. आउटबॅकच्या साध्या इंजिनाची ओढायची मर्यादा 2,700 पौंड, म्हणजे सुमारे 1,225 किलो. उंचीवर हवा विरळ होते, दर हजार फुटांना इंजिनाची जवळपास तीन टक्के ताकद जाते. म्हणून चढावर तो घाई करत नव्हता. मला ती चाल फार ओळखीची वाटली.

तळावर पोचल्यावर मात्र माझा जीव खरा रमला. सपाट जागा, पाण्याचा नळ, स्वच्छ संडास, चुलीसाठी लोखंडी कडं, अस्वलांपासून अन्न राखायला पेट्या. शेजारच्या ट्रेलरमधल्या आजीबाईंनी आमच्या चाकांखाली ठोकळे लावायला हात दिला. मुक्काम हाच प्रवासाचा भाग आहे, असं धरून ती सगळी जागा बांधलेली होती.

आपल्याकडे महाराष्ट्र सरकारनं 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. ते वाचताना माझ्या डोळ्यापुढं समुद्रकिनारा किंवा थंड हवेचं ठिकाण येत नाही, शहागड-पैठण रस्ता येतो. जीपवाल्याला वाटेत थांबायचं असलं तर तो थांबणार कुठं? पूर्वी दर दोन कोसांवर सावली आणि पाणी होतं, म्हणून माणूस मुक्कामाचा प्रवास करू शकत होता. नाथषष्ठीच्या वाटांवर दोन-चार ठिकाणी झाडं, पाणी, बायकांसाठी संडास-न्हाणी आणि गाड्या उभ्या करायला मोकळी जागा करा. ट्रॅक्टर-ट्रॉलीवाले, पायी दिंडीवाले, टेम्पोवाले सगळे तिथं उतरतील. पुतण्या म्हणतो, पुढच्या फाल्गुनात सुट्टी काढून येतो, भाड्याची गाडी घेऊ आणि दोन मुक्काम करत पैठणला जाऊ. मुक्कामाच्या जागा विचारायला मी वाटेतल्या गावांत फोन सुरू केले आहेत. एका गावच्या सरपंचांनी शाळेचं पटांगण देतो म्हटलंय.