परक्या गावातला सोबती

परदेशी शिकायला निघालेल्या मुलाची तयारी म्हणजे पासपोर्ट, व्हिसा, पैसे आणि लोणच्याची बरणी, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. विद्यापीठाचे पत्र आले की निम्मी काळजी मिटते. पण ते पत्र काही स्टेशनवर उतरवून घ्यायला येत नाही. ते काम कोण करते, याविषयी चार शब्द लिहावेत असे पुष्कळ दिवस मनात होते.

माझी मोठी नात बेर-शेवाच्या विद्यापीठात शिकत असताना २०१८ साली एका सत्रासाठी इटलीतील पादुआ येथे गेली. युरोपात विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीची 'इरॅस्मस' नावाची योजना १९८७ पासून चालू आहे. पहिल्या वर्षी ११ देशांतील ३,२४४ विद्यार्थ्यांनी तिचा लाभ घेतला. २०१५ पासून इस्राएलमधील विद्यापीठांनाही तीतून विद्यार्थी पाठवता येऊ लागले. नाव आपल्याच विद्यापीठात राहते, चार-पाच महिने दुसऱ्या देशात शिकायचे आणि तिथले गुण इकडे जमा व्हायचे, अशी ती व्यवस्था.

जाण्यापूर्वी इथूनच खोली ठरवली होती. दोन महिन्यांचे भाडे आगाऊ पाठवले होते. संध्याकाळी सातला पोरगी सामान घेऊन त्या पत्त्यावर पोचली, तर तिथे एक म्हातारे जोडपे राहत होते. भाड्याच्या खोलीची त्यांना वार्ताही नव्हती. पैसे घेणाऱ्याचा फोन बंद. कचेऱ्या उघडणार दुसऱ्या दिवशी सकाळी. इकडे दिमोनात सून रडू लागली आणि माझा मुलगा विमानाची तिकिटे पाहू लागला. नातीने मात्र आपल्या 'बडी'ला फोन केला.

बडी म्हणजे सोबती. परदेशाहून येणाऱ्या विद्यार्थ्याला तिथलाच एखादा विद्यार्थी अगोदरच जोडून दिलेला असतो. तो पगारी नव्हे. अशा मुलामुलींची एक मोठी संघटना आहे, 'इरॅस्मस स्टुडंट नेटवर्क'. १९८९ साली हॉलंडमधील उत्रेख्त येथे तिची सुरुवात झाली. जी मुले परदेशी शिकून परत आली होती, त्यांनीच ती उभारली. सरकारने शिष्यवृत्ती दिली, विद्यापीठाने गुण दिले. पण खोली कशी शोधायची, कुठल्या खिडकीपुढे उभे राहायचे आणि रविवारी सगळे गाव बंद असताना कुणाशी बोलायचे, हे कुणाच्याच कामात बसत नव्हते. आज या संघटनेच्या ४० हून अधिक देशांत मिळून ५०० च्या वर शाखा आहेत.

नातीची बडी तिच्याच वयाची, वैद्यकीच्या तिसऱ्या वर्षाची मुलगी. अर्ध्या तासात सायकलवरून आली आणि तिला आपल्या घरी घेऊन गेली. सहा रात्री नात तिच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपली. सातव्या दिवशी दोघींनी मिळून खोली शोधली. या वेळी आधी डोळ्यांनी पाहून मग पैसे. गेलेले पैसे गेलेच.

त्याच आठवड्यात आणखी एक काम होते. युरोपाबाहेरच्या माणसाला इटलीत तीन महिन्यांवर राहायचे असेल, तर पोचल्यापासून आठ दिवसांच्या आत राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. पोस्टातून एक पाकीट आणायचे, त्यातले फॉर्म भरायचे, १६ युरोंचा मुद्रांक तंबाखूच्या दुकानातून घ्यायचा (होय, तंबाखूच्याच!) आणि ते सगळे पुन्हा पोस्टात नेऊन द्यायचे. कागदावर हे सगळे छापलेले असते. पण कुठला रकाना रिकामा सोडायचा, हे छापलेले नसते. बडी आपले व्याख्यान बुडवून दोन तास तिच्याबरोबर रांगेत उभी राहिली. एवढे कशासाठी करतेस, असे नातीने विचारले तेव्हा ती म्हणाली, आदल्या वर्षी मी पोर्तुगालला होते, तिथे एका मुलाने माझी ट्रंक चार जिने चढवून दिली होती.

पादुआचे विद्यापीठ १२२२ सालचे. त्या काळी परगावच्या विद्यार्थ्यांनी आपापले गट केलेले असत. त्यांना 'नेशन' म्हणत. जर्मनांचा वेगळा, हंगेरीचा वेगळा. नव्या मुलाला राहण्याची सोय आणि अडचणीत आधार, हे त्या गटातून मिळे. युरोपातल्या बहुतेक विद्यापीठांचे दरवाजे ज्यू विद्यार्थ्यांना बंद होते तेव्हा पादुआत त्यांना वैद्यकी शिकता येत असे. पण फी इतरांहून जास्त, आणि पदवी घेताना या नेशनवाल्यांना मिठाई वाटावी लागे. पदवी आपली, पेढे त्यांना, आणि तेही सक्तीचे! हे वाचून नात फोनवर पुष्कळ हसली. जुने गट आपल्याच माणसांपुरते होते. आताची ही मुले ओळख ना पाळख अशासाठी धावतात, हा फरक मला मोठा वाटतो.

सगळेच गोड आहे असे मात्र नाही. या संघटनेच्या कार्यक्रमांत नाचगाणी आणि पार्ट्याच फार, अशी ओरड आहे, आणि ती अगदी खोटी नाही. परदेशी मुले परदेशी मुलांतच फिरतात, इंग्रजी बोलतात, आणि पाच महिन्यांत इटालियनचे पन्नास शब्दही न शिकता परत येतात. दुसरे म्हणजे, जे काम विद्यापीठाच्या पगारी माणसांचे ते हळूच या पोरांच्या अंगावर पडते. नातीच्या ओळखीची एक परदेशी मुलगी त्या हिवाळ्यात मनाने फार खचली. तिच्या बडीने तीन रात्री तिच्या उशाशी जागून काढल्या, त्याही स्वतःची परीक्षा तोंडावर असताना. मी अठ्ठावीस वर्षे नर्सचे काम केले आहे. वीस वर्षांच्या पोरीवर असा भार टाकू नये, असे मी स्पष्ट म्हणेन. सोबत वेगळी आणि शुश्रूषा वेगळी.

असो. आम्ही १९७१ साली ठाण्याहून दिमोनाला आलो, तेव्हा सोखनूतने लोखंडी खाटा आणि गाद्या दिल्या. पण पाव कुठे मिळतो, बस कुठे थांबते, कुपात-खोलीमची चिठ्ठी कशी काढायची, हे शिकवले ते वरच्या मजल्यावरच्या पनवेलच्या बाईने. ती आमच्याआधी तीन वर्षे आलेली. तिचे हिब्रूही यथातथाच होते, पण आम्ही कुठे अडणार हे तिला पक्के ठाऊक होते, कारण ती तिथेच अडली होती.

नात परत आली आणि बेर-शेवाला परदेशी विद्यार्थ्यांची बडी झाली. स्दे बोकेरला वाळवंटातील शेतीवर संशोधन करायला भारतातून मुले येतात. त्यांतली एक सोलापूरची. नातीने तिला बँकेत नेले, दंतवैद्याकडे नेले, आणि एका शब्बाथला आमच्याकडे जेवायला आणले. मुलगी दारात उभी राहून "नमस्कार आजी" म्हणाली, आणि मी मराठीत उत्तर देताच तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला. रात्री अकरापर्यंत बसली. नातीला आमचे निम्मेच बोलणे कळत होते.

आता नात शिक्षण संपवून हैफाला नोकरीला लागली आहे. जाताना तिने आपल्याकडची मुलांची यादी मागून येणाऱ्या एका मुलीच्या हवाली केली, आणि तिच्यात माझा फोन नंबरही लिहून ठेवला. मला विचारले नाही. दर ऑक्टोबरात दोन-तीन फोन येतात. बहुतेक जण आधी हेच विचारतात की दिमोनात कढीपत्ता कुठल्या दुकानात मिळतो.