राजूर घाट, लाल गाडी आणि आमची वही

सकाळी मोताळ्याच्या स्टँडवर उभे राहिले की बुलडाण्याकडची गाडी येण्याआधीच माणसे ओळखीची होतात. कुणी गवंडी, कुणी कचेरीतला शिपाई, कुणी दवाखान्यात झाडलोट करणारी बाई. आम्ही नवरा-बायको त्यातलेच. एकाची फर्निचरच्या दुकानात सुतारकी, दुसरीचे एका दवाखान्यात काम. डब्याच्या दोन पिशव्या आणि एक छत्री एवढे सामान. गाडी राजूरपर्यंत सरळ धावते आणि मग घाट लागतो. उन्हाळ्यातही घाट चढताना वारा बदलतो. खाली मलकापूर-मोताळ्याकडे अंग भाजत असते आणि वर बुलडाण्याला पोचेपर्यंत घाम वाळतो. पावसाळ्यात तर ढग रस्त्यावर उतरतात. ही हवा आहे म्हणूनच साहेबांनी इथे जिल्ह्याचे ठाणे केले, असे जुनी माणसे सांगत.

पण या ठाण्याला रेल्वे नाही. आपल्या जिल्ह्यातून मुंबई-नागपूर लोहमार्ग जातो तो घाटाखालून : मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव. खामगावला जलंबहून तेरा-एक किलोमीटरचा फाटा 1870 साली निघाला, तो कापसाच्या गाठींसाठी. कापसाला रेल्वे मिळाली. बुलडाणा, चिखली, मेहकरच्या माणसांना काही ती मिळाली नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी करता करता पिढ्या गेल्या. म्हणून घाटावरच्या कष्टकऱ्याला कामाला जायचे तर एस.टी., काळीपिवळी, नाहीतर स्वतःची फटफटी.

आमची फटफटी आली ती संपामुळे. 2021 च्या दिवाळीच्या सुमारास एस.टी. कामगारांनी विलीनीकरणासाठी संप पुकारला, तो 2022 च्या एप्रिलपर्यंत चालला. ते आमच्यासारखेच पोटासाठी लढत होते, त्यांना बोल कसा लावायचा? पण घाट रोज चढायचा कसा? काळीपिवळीत दहाजण कोंबलेले, भाडे मागतील ते. शेवटी जानेवारी 2022 मध्ये पंधरा हजार रोख भरून गाडी घेतली. हप्ता 2900 रुपये, महिने 36. संप मिटला, हप्ता राहिला.

तेव्हा गल्लीत जो तो सांगे, "पेट्रोलात दोघं जाता, तिकिटापरीस सस्तं पडते." आम्हालाही पटले. पुढे मोठ्या मुलीने शाळेच्या जुन्या वहीत सगळे मांडायला लावले, तेव्हा डोळे उघडले. तो हिशेब इथे देतो, कारण पुष्कळ घरांत तो फक्त पेट्रोलपाशीच थांबतो.

मोताळा ते बुलडाणा वीसेक किलोमीटर. जाऊन-येऊन 40, महिन्याला कामाचे 25 दिवस, म्हणजे हजार किलोमीटर. दोन माणसे आणि घाटाची चढण, म्हणून लिटरला 50 च धरले. वीस लिटर, लिटरचे 105 रुपये, झाले 2100. सर्व्हिसिंग आणि ऑइल सरासरी 300. टायर, ट्यूब, चेन, ब्रेक यांचे 250. घाटात ब्रेक फार झिजतात. विमा महिन्याला दीडशे पडतो. इथवर 2800. हप्ता चालू होता तोवर 5700 ! जानेवारी 2025 मध्ये शेवटचा हप्ता गेला आणि आम्ही पेढे आणले. पण मुलगी म्हणाली, "बाबा, गाडी काय जन्मभर पुरणार आहे?" रोख आणि हप्ते मिळून एक लाख एकोणीस हजार गेले. गाडी दहा वर्षे चालली असे धरले तरी महिन्याला हजार रुपये झिजतात. म्हणजे खरा खर्च 3800.

आता एस.टी. त्याच जानेवारीच्या 25 तारखेला भाडे जवळपास पंधरा टक्क्यांनी वाढले. आमचे पूर्ण तिकीट चाळीसच्या घरात गेले. मासिक पासात 20 दिवसांचे भाडे भरून 30 दिवस फिरता येते, तेव्हा एकाचे 1600. बाईमाणसाला 17 मार्च 2023 पासून अर्धे तिकीट आहे. तिचे रोजचे चाळीस, 25 दिवसांचे हजार. दोघांचे 2600. फरक बाराशे रुपयांचा. बाराशे रुपयांत आमच्या घरी महिन्याचे तेल आणि डाळ येते.

मात्र वहीत दुसरेही पान आहे. लेकराला ताप आला, घरातून निघायला उशीर झाला, सकाळची गाडी हुकली की खाडा. एकाची मजुरी पाचशे, दुसरीची तीनशे. महिन्यातून दोनदा असे झाले की सोळाशे गेले आणि फटफटी स्वस्त ठरली. दुकानात लग्नसराईत रात्री आठपर्यंत काम असते, तेव्हा परतीची सोय आधी बघावी लागते. म्हणून आमच्यासारख्याला तिकिटाच्या दराइतकीच किंमत वेळेवर मिळणाऱ्या गाडीची आहे.

हिशेबात न बसणारी एक गोष्ट राहिली. आम्ही पुन्हा पास काढला तेव्हा शेजारच्या काकाजींनी दारातच अडवले, "गाडी असून एस.टी.नं काहून जाता बापा? हप्ता थकला काय?" त्यांचे चुकले असे म्हणवत नाही. ज्यांच्या आज्यापणज्यांना बैलगाडीत कुणी बसवून घेत नव्हते, त्यांच्या दारात उभी असलेली फटफटी ही नुसते वाहन नसते. आपल्याच लोहमार्गावर भुसावळ, जळगावच्या पुढे चाळीसगाव लागते. 1929 साली बाबासाहेब धुळ्याहून परतताना तिथे उतरले. टांगेवाले अस्पृश्याचा टांगा हाकायला तयार होईनात. बाबासाहेबांनी पायी येणे मानाला शोभत नाही, असे वस्तीतल्या लोकांना वाटले. त्यांनी नुसता टांगा भाड्याने घेतला आणि हाकायला आपल्यातलाच, कधी टांगा न हाकलेला माणूस बसवला. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पायाचे हाड मोडले. माणसाच्या मानापुढे त्याच्या जिवाचा विचार राहून गेला, हे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले. त्या साध्या माणसांचे प्रेम आम्हाला समजते. काकाजींचेही समजते.

लाल गाडीत मात्र तिकीट काढले की जागा आपली. शेजारी पाटील बसो की मारवाडी, कंडक्टर दोघांना सारखाच म्हणतो, "पुढे सरका." आमची मंडळी घाटात अर्धा तास डुलकी काढते. फटफटीच्या मागच्या सीटवर ती कधी निवांत बसली नाही. पदर सावरायचा, पिशवी धरायची, पावसात भिजायचे. अर्ध्या तिकिटाचे पैसे ती स्वतःच्या बटव्यातून देते, तेही तिला आवडते.

जिल्ह्यातून मेहकर, सिंदखेड राजाकडून समृद्धी महामार्ग गेला. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. त्यावर दुचाकीला मनाई आहे. वेग पाहता ते बरेच आहे, पण ज्यांच्याकडे दुचाकीच आहे त्यांनी तो रस्ता पुलावरून पाहायचा.

सध्या आमचे असे ठरले आहे : एरवी पास, लग्नसराईत एकाने फटफटी काढायची, दुसरीने एस.टी.नेच जायचे. हेल्मेट दोन घेतली आहेत. वाचलेले पैसे मुलीच्या बारावीच्या पुस्तकांना लावतो. तिला गावाकडून कॉलेजात जायला एस.टी.चा पास फुकट आहे, आणि वही आता तीच लिहिते. परवा तिने नवे पान काढून वर लिहिले, "टायर, मागचा." घाटात तो दोनदा घसरला होता, आम्ही घरी बोललो नव्हतो. तिला कसे कळले कोण जाणे.