मागे सरकणारी गावे

प्रवासाची आपली कल्पना अलीकडे फार आखूड झाली आहे. कोठून निघालो आणि किती तासांत पोहोचलो, एवढेच आपण एकमेकांना सांगतो. मधली गावे कोणी मोजीत नाही. सुरतहून कोलकात्याकडे जाणारा महामार्ग आमच्या भागात चौपदरी झाला, तेव्हापासून भुसावळहून मुक्ताईनगरला जाणाऱ्याला वाटेतल्या घराचे दार क्वचितच दिसते. या रस्त्याविषयी आमची तक्रार नाही. अडलेली बाळंतीण त्याच रस्त्याने वेळेवर दवाखान्यात पोहोचते. तथापि लवकर पोहोचण्याच्या नादात मधला मुलूख पाहण्याची आपली सवय मोडली, हेही खरे.

आयर्लंडच्या खेड्यांतून आठवडाभर मोटारीने रमतगमत हिंडून आलेले आमच्या परिचयाचे एक कुटुंब सांगत होते, की तिकडच्या वाटा अरुंद, दोन्ही अंगांना दगडी बांध, आणि समोरून येणारा अनोळखी मोटारवालाही चक्रावरचे एक बोट उचलून सलाम करतो. ते ऐकताना आम्हांला बोदवडच्या शिवारातले रस्ते आठवत होते. येथेही बैलगाडीवाला ‘राम राम’ घातल्यावाचून पुढे जात नाही. फरक इतकाच, की तिकडची वाट पाहण्यासाठी माणसे विमानाने जातात आणि येथली वाट पाहण्यास कोणी घरातून निघत नाही.

निघाले ते आमचे एक वयोवृद्ध स्नेही. भुसावळला रेल्वेत गार्ड म्हणून त्यांनी चौतीस वर्षे काढली. निवृत्तीनंतर काचबिंदूने त्यांची दृष्टी आकसत गेली. जे गेले ते परत येणार नाही आणि उरले तेही किती टिकेल ते सांगता येत नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. मुलांनी त्यांना वेलंकणीला नेण्याची तयारी दाखवली. ते म्हणाले, “वेलंकणीची माता मला डोळे मिटूनही दिसते. मला बोदवडची बाजू दाखवा. जन्मभर तिथून गेलो, पण उतरलो कधीच नाही.”

भुसावळहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग १८६७ साली सुरू झाला. वरणगाव, बोदवड, मलकापूर ही नावे गार्डसाहेबांना जपमाळेसारखी पाठ. मात्र गार्डाचा डबा गाडीच्या शेवटी. चालकाला गाव समोरून येताना दिसते, गार्डाला ते नेहमी मागे सरकताना दिसते. ही गोष्ट त्यांनी सांगितली, तेव्हा या प्रवासाचा अर्थ आम्हांला उमगला.

दिवाळी सरल्यावर एका सकाळी आम्ही दोघे व्हॅनमधून बोदवडहून निघालो. वेग तीसच्या वर न्यायचा नाही, असे ठरलेलेच होते. काळ्या रानात कापूस फुटला होता आणि ओटीत बोंडे वेचणाऱ्या बायकांच्या रांगा चालल्या होत्या. रुळांलगतच्या एका विहिरीपाशी पोरे उभी राहून हात हलवीत आणि आपण हिरवे निशाण हलवून उत्तर देत असू, अशी गार्डसाहेबांची आठवण. ती विहीर त्यांना पाहायची होती. एका शेतकऱ्याला विचारले. तो हसून म्हणाला, “फादर, इथं कोन्या विहिरीवर पोरं उभी नसत? आम्ही समदेच हात हालवत होतो.” त्याने लिंबाखाली बसवले, कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे केला. नेमकी विहीर कोणती, ते ठरले नाही. गार्डसाहेबांना त्याचे वाईट वाटलेले दिसले नाही. “म्हणजे सगळ्यांचीच होती तर,” एवढेच ते बोलले.

दुपारी मुक्ताईनगर ओलांडून कोथळीला गेलो. मेहूणच्या तापीतीरावर १२९७ साली वीज कडाडली आणि मुक्ताबाई अंतर्धान पावली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. आषाढीसाठी येथून निघणारी तिची पालखी सुमारे महिनाभर चालून पंढरपूरला पोहोचते. एवढे चालणाऱ्यांना मधल्या गावांची नावे विसरणे शक्यच नाही.

पुढे चांगदेव. बैतूल जिल्ह्यातच उगम पावणाऱ्या तापी आणि पूर्णा या दोन नद्या वेगवेगळ्या वाटांनी येऊन येथे भेटतात. संगमावरचे काळ्या पाषाणाचे मंदिर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. चौदाशे वर्षे जगलेल्या चांगदेवाने ज्ञानदेवांना कोरे पत्र धाडले, मुक्ताईने त्यावर बोल लावला आणि ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर दिले, ही कथा वाचकांना ठाऊक आहेच. गार्डसाहेब कोरीव काम डोळ्यांनी कमी आणि बोटांनी अधिक पाहत होते. एकेक आकृती चाचपून ते नाव विचारीत आणि पुढे सरकत. पुढल्या दिवसांची तयारी ते आतापासून करीत आहेत, हे कळून आम्ही गप्प राहिलो.

संगमाच्या खाली हतनूरचे धरण, एकेचाळीस दरवाजांचे. इतके पाणी एवढ्या जवळ. आणि उन्हाळ्यात दिवसामागून दिवस नळाची वाट पाहण्याचे दुःख बोदवडच्या बायकांना पुरते ठाऊक. तापीपलीकडे सावदा-रावेरच्या बाजूस केळीच्या हिरव्यागार बागा लागल्या. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु त्या हिरवेपणाखालचे भूजल खोल खोल जात आहे, हे तेथील शेतकरीच सांगतात. वेगाने जाणाऱ्याला एका काठाची तहान आणि दुसऱ्या काठाची चिंता दिसत नाही. दोन्ही ठिकाणी पाणी मागून प्यायले म्हणजे ती कळते.

परतताना गार्डसाहेब पुढल्या काचेतून पाहत होते. गावांचे दिवे समोरून जवळ येत होते. ते कितपत दिसतात, हे आम्ही विचारले नाही.

अम्माऊसच्या वाटेवरील दोघा शिष्यांची गाठ प्रभूशी पडली ती पायी चालताना, हे लूकने नोंदवून ठेवले आहे. वाचकहो, तुमच्या घरी एखादे आजोबा असतील, ज्यांनी जन्मभर कोणाची तरी गाडी वेळेवर पोहोचवली. एखादी आजी असेल, जिने शेजारचे गाव केवळ एसटीच्या खिडकीतून पाहिले. दूरची यात्रा अवश्य करा. पण त्याआधी एक सबंध दिवस त्यांच्यासाठी काढा, कोठे उतरायचे आहे ते त्यांना विचारा, आणि ते म्हणतील तेथे गाडी थांबवा.